रोजाचा वाद बांधावर, पैसा मात्र बांधाबाहेर

हरभरा वाळलाय, ज्वारी काढणीला आलीय आणि गावोगावी पुन्हा तोच वाद सुरू झालाय. शेतकरी म्हणतो, माणूस भेटत नाही, आणि भेटला तर रोज परवडत नाही. मजूर म्हणतो, एवढ्या रोजात घर चालत नाही. पारावर, चहाच्या टपरीवर, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात. कोणी म्हणतं, मजूर माजलेत. कोणी म्हणतं, जमीनवाल्याला दुसऱ्याच्या घामाची किंमत नाही.

दोघंही आपापल्या जागी खरंच बोलतात. शेतकऱ्याला रोज परवडत नाही हे खरं, आणि मजुराला त्या रोजात भागत नाही हेही खरं. मग चुकतंय कुठं? किमान वेतनाचा विषय दिल्ली-मुंबईत कामगार संघटना आणि कारखानदार यांच्यातला म्हणून चर्चिला जातो. पण मजुरांची सगळ्यात मोठी संख्या शेतात आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतकरी सव्वा कोटीच्या आसपास होते, तर शेतमजूर १ कोटी ३४ लाखांच्या वर. म्हणजे राज्यात जमीन कसणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या शेतात राबणारे जास्त. तेव्हा हा विषय आपल्या बांधावरचाच आहे.

कायदा जुना, शेतापर्यंत पोचला नाही

किमान वेतनाचं विधेयक १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना मांडलं गेलं. कायदा झाला १९४८ साली. शेतमजुरीचा त्यात सुरुवातीपासून समावेश होता. म्हणजे शेतमजुराला किमान वेतनाचा हक्क आज मिळालेला नाही, तो पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुना आहे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता लागू झाली. जुना कायदा तिच्यात मिसळला. नव्या संहितेनुसार किमान वेतन सगळ्याच कामगारांना आहे, आणि केंद्र सरकारने ठरवलेल्या तळाच्या वेतनाखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही.

तळाचं वेतन किती, यावर खरा वाद आहे. २०१७ साली केंद्राने दिवसाला १७६ रुपये हा आकडा सुचवला होता. तो राज्यांवर बंधनकारक नव्हता. त्यानंतर अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती बसली. तिने २०१९ मध्ये अहवाल दिला. एका कुटुंबाचं खाणं, कपडे, घर, औषधपाणी, शिक्षण असा सगळा हिशेब मांडून समितीने सांगितलं, की जुलै २०१८ च्या भावाने दिवसाला ३७५ रुपये तरी पाहिजेत. महिन्याला ९७५० रुपये. मधल्या सात वर्षांत महागाई किती वाढली ते तेलाच्या डब्याला आणि गॅसच्या टाकीला विचारावं. तोच हिशेब आज मांडला तर आकडा पाचशेच्या पुढं जातो.

आता गावातला रोज पाहा. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये शेतातल्या पुरुष मजुराची सरासरी मजुरी केरळात ७६४ रुपये होती. देशाची सरासरी ३४५ रुपये. महाराष्ट्राची ३०३ रुपये. उद्योगधंद्यात आपलं राज्य पुढारलेलं म्हणून आपण मिरवतो, पण शेतमजुरीत देशाच्या सरासरीच्याही खाली.

कायद्याने ठरलेलं वेतन मिळालं नाही तर तक्रार करता येते. पण करणार कोण? ज्याच्या शेतात उद्या जायचंय, अडीनडीला ज्याच्याकडून हातउसने घ्यायचेत, त्याच्याच विरोधात कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज देण्याची हिंमत कोणाची होत नाही. शेतमजुराला पगारपत्रक नाही, हजेरीपट नाही. उक्तं घेतलेल्या कामात तर माणसाला दिवसाचे किती पडले हे कागदावर कुठंच येत नाही.

शेतकरी कोण, मजूर कोण?

गावातल्या भांडणात एक गोष्ट धरून चालतात, की शेतकरी वेगळा आणि मजूर वेगळा. सरकारचेच आकडे हे खोटं पाडतात.

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ मध्ये देशभरातल्या शेतकरी कुटुंबांचं उत्पन्न मोजलं. सरासरी निघाली महिन्याला १० हजार २१८ रुपये. त्यातले पीक विकून आले ३ हजार ७९८ रुपये. आणि मजुरी-पगारातून आले ४ हजार ६३ रुपये. बाकीचे जनावरं आणि इतर धंद्यातून.

नीट वाचा. ही शेतमजुरांची नाही, शेतकरी कुटुंबांची कमाई आहे. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्याही घरात पिकापेक्षा मजुरीचे पैसे जास्त येतात. दोन एकरवाल्याची बायको दुसऱ्याच्या कापसात जाते. त्याचा पोरगा पुण्याला नाहीतर संभाजीनगरला कंपनीत कंत्राटावर आहे. तो स्वतः उन्हाळ्यात विहिरीच्या कामावर जातो. असा माणूस ‘मजुरी वाढली नाही पाहिजे’ असं पारावर बोलतो, तेव्हा तो आपल्याच पोराच्या पगाराविरुद्ध बोलत असतो.

जमिनीचे तुकडे होत चाललेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातला सरासरी खातेदार १.३४ हेक्टरवर आला होता, म्हणजे साडेतीन एकरांच्या आत. पुढच्या वाटणीत यातले बरेच जण अर्धे शेतकरी आणि अर्धे मजूर होणार आहेत.

एका एकराचा हिशेब

‘मजुरीनेच शेती बुडवली’ हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं. ते हिशेब करून तपासलं पाहिजे.

समजा एक एकर सोयाबीन आहे. खुरपणी, फवारणी, काढणी मिळून पंधरा रोज लागले. मजुरी रोजामागे शंभर रुपयांनी वाढली, तर शेतकऱ्याच्या खिशातून जास्तीचे गेले १ हजार ५०० रुपये. लहान शेतकऱ्याला ही रक्कम छोटी नाही, हे मान्य.

आता भावाची बाजू बघा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५ हजार ३२८ रुपये आहे. गेल्या हंगामात बाजारात माल चार-साडेचार हजारांच्या आसपास गेला, भिजलेला तर त्याच्याही खाली. समजा ४ हजार २०० ने विकला. क्विंटलमागे तोटा १ हजार १२८ रुपये. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर हमीभावापेक्षा ६ हजार ७६८ रुपये कमी हातात आले.

एकीकडे दीड हजार, दुसरीकडे पावणेसात हजार. भावातली मार मजुरीच्या वाढीपेक्षा साडेचारपट मोठी आहे. पण भाव पाडणारा समोर दिसत नाही, आणि बाजारात त्याच्याशी भांडता येत नाही. मजूर रोज समोर दिसतो, म्हणून राग त्याच्यावर निघतो.

मजुरी दाबली की हमीभावही दबतो

आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. हमीभाव ठरतो उत्पादन खर्चावर. सोयाबीनचा खर्च सरकारने क्विंटलला ३ हजार ५५२ रुपये धरला, त्यावर पन्नास टक्के चढवून ५ हजार ३२८ चा आकडा काढला. या खर्चात बियाणं, खत, औषध, भाड्याचं ट्रॅक्टर, दिलेली मजुरी हे सगळं येतं. घरच्या माणसांची मेहनतही त्यात धरतात, आणि ती मोजायला त्या भागातल्या मजुरीच्या दराचाच आधार घेतात.

याचा सरळ अर्थ असा, की गावात मजुरी कमी राहिली तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या कष्टाचीही किंमत कागदावर कमी लागते. खर्च कमी दिसतो, मग हमीभावही कमी निघतो. शेजारच्या मजुराला तीनशे रुपयांत बसवून शेतकरी आपण जिंकलो असं समजतो. पण कृषी मूल्य आयोगाच्या वहीत त्याच्या बायकोचा दिवसही त्याच हिशेबाने पडतो.

म्हणून किमान वेतन आणि हमीभाव हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. कष्टाला ठरलेली किंमत मिळालीच पाहिजे, हीच दोन्हीतली मागणी. एकाला सरकारने आकडा दिलाय पण खरेदी पुरी होत नाही. दुसऱ्याला कायदा दिलाय पण अंमल नाही.

‘फुकटचं धान्य मिळतं, म्हणून येत नाहीत’

मजूर न मिळण्याचं खापर रेशनवर आणि लाडकी बहीण योजनेवर फोडलं जातं. तेही हिशेबाने बघू.

रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळतं. बाजारात त्याची किंमत फार तर दोनशे रुपये. म्हणजे एक रोजही नाही. लाडकी बहीणचे १ हजार ५०० रुपये म्हणजे तीनशेच्या रोजाने पाच दिवस. महिन्याच्या उरलेल्या पंचवीस दिवसांचं काय? पाच दिवसांच्या पैशांत कोणी घरी बसून राहत नाही.

या पैशांनी एक फरक मात्र पडला, आणि तो खरा आहे. घरात चार पायल्या ज्वारी आणि खात्यात हजार-दीड हजार असले की बाई पडेल त्या रोजाला ‘हो’ म्हणत नाही. दोन दिवस थांबू शकते, भाव विचारू शकते. शेतकऱ्यालाही माल घरात ठेवायची सोय असली तर तो पडत्या भावात विकत नाही. दोघांचं गणित एकच आहे.

माणूस कमी होण्याची खरी कारणं दुसरीकडे आहेत. तरुण पोरं शहरात गेली, कारण तिथं बारा महिने काम आहे. दिवाळी आली की टोळ्या कारखान्यांवर जातात. आणि शेतातलं काम असं झालंय, की पंधरा दिवस सगळ्यांना एकदम माणूस पाहिजे आणि पुढचे दोन महिने कोणालाच नको. वर्षातून शंभर-दीडशे दिवस काम देणाऱ्या गावात माणूस तीनशे पासष्ट दिवस आपल्यासाठी थांबेल, ही अपेक्षाच चुकीची.

बाईचा रोज कमी का?

या वादात ज्यांचं नावही निघत नाही त्या म्हणजे बाया. बऱ्याच गावांत गड्याला चारशे-पाचशे आणि बाईला अडीचशे-तीनशे असा रोज आहे. कारण सांगतात, गडी जड काम करतो, बाई उशिरा येते. पण दिवसभर वाकून खुरपणं, सोयाबीन कापणं, कापूस वेचणं यात हलकं काय आहे? आणि ती उशिरा येते, कारण पहाटे उठून घरातलं सगळं उरकून येते.

समान कामाला समान मजुरी हा कायदा १९७६ पासून आहे. नव्या वेतन संहितेतही स्त्री-पुरुष असा भेद करायला बंदी आहे. शेतात मात्र कामाचीच वाटणी अशी केलीय, की गड्याचं काम वेगळं, बाईचं वेगळं, मग तुलनाच नको. कापूस वेचणीत किलोवर पैसे असतात, तिथं बाई गड्याला हरवते. तेव्हा तिची ताकद कमी म्हणून रोज कमी, या बोलण्यात दम नाही.

ऊसतोडीचा कोयता

मराठवाड्यातली माणसं इथली शेती सोडून ज्या कामाला जातात, तिथला हिशेबही बघितला पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांचा करार झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, टनाला सुमारे ३६६ रुपये झाले. मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं.

३४ टक्के ऐकायला मोठे वाटतात. पण एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, दिवसाला दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये होतात. माणशी ३६६. तेही पहाटेपासून मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत. सत्पथी समितीने २०१८ च्या भावाने सांगितलेल्या ३७५ पेक्षाही कमी. या कामापायी बायांच्या शरीराचं काय होतं, तेही बाहेर आलंय. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८०० हून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. रोज बुडाला की उचल फिटत नाही, म्हणून पाळी आणि आजारपणाचा खाडाही परवडत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण पुढं आलं.

तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी ऊस उत्पादकाच्या एफआरपीतूनच कापला जातो. म्हणजे इथंही मजुराची वाढ शेतकऱ्याच्या खिशातून, आणि दोघं पुन्हा समोरासमोर.

मग पैसा जातो कुठं?

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये भाजीपाल्याचा हिशेब काढला. शहरातलं गिऱ्हाईक टोमॅटोला एक रुपया देतं, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात ३३ पैसे येतात. कांद्याला ३६, बटाट्याला ३७ पैसे. बाकीचे वाहतूक, नासाडी, अडत, व्यापारी, किरकोळ विक्री यांत जातात. मजुराचा रोज या ३३ पैशांतूनच निघतो. शेतकरी आणि मजूर ३३ पैशांच्या वाटणीवर भांडतात, ६७ पैशांचा हिशेब कोणी मागत नाही.

देशाचं चित्र याच्याहून विचित्र आहे. थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये भारतातल्या विषमतेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा जात होता, आणि एकूण संपत्तीतला ४०.१ टक्के. शंभर माणसांच्या गावात एकाच वाड्यात चाळीस टक्के मालमत्ता, आणि बाकीचे नव्व्याण्णव उरलेल्या साठ टक्क्यांवरून एकमेकांशी भांडतात, असं हे आहे.

नुकसानभरपाईतही हेच दिसतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्याचा खरीप वाहून गेला. राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पिकाची मदत सातबारा बघून मिळते. ज्याचं काढणीचं महिनाभराचं काम बुडालं, त्या भूमिहीनाच्या नावावर सातबारा नाही. पंचनामा शेताचा होतो, बुडालेल्या रोजाचा होत नाही.

मजुरी वाढवली की प्रश्न सुटला?

नाही. नुसता आकडा वाढवून भागणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. केरळात मजुरी जास्त आहे, पण तिथली भातशेती किती घटली तेही बघावं लागेल. आपल्याकडेही ज्वारीचा पेरा कमी होण्यामागे काढणीची मजुरी हे एक कारण आहेच. शेतकऱ्याकडे पैसा नसताना त्याला पाचशे द्या म्हणून सांगितलं, तर तो तणनाशक मारेल, हार्वेस्टर लावेल, नाहीतर पीकच बदलेल.

म्हणून मजुरीचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खिशावर न टाकता तिसऱ्या खिशातून, म्हणजे सरकारी तिजोरीतून काही वाटा आला पाहिजे. हा मार्ग महाराष्ट्रानेच देशाला दाखवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. १९९० पासून फळबाग लागवड त्यात घेतली. मजुराला रोज मिळाला, शेतकऱ्याच्या रानात बाग उभी राहिली, आणि दोघांत भांडण लागलं नाही.

पण त्याच रोजगार हमीचा दर आज बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ३१२ रुपये. आदल्या वर्षी २९७ होता. वाढ १५ रुपये, म्हणजे एक वडापाव. शेजारच्या गोव्यात ३७८, हरियाणात ४००. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ केलेत. पण खर्चाचा ४० टक्के वाटा राज्याने द्यायचाय, आणि पेरणी-काढणीच्या काळात वर्षाला ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची मुभा आहे. हंगामात मजूर मिळावा, ही शेतकऱ्यांची मागणी यात ऐकलेली दिसते. मात्र त्या साठ दिवसांत मजुराला दुसरीकडे जायचा पर्याय राहणार नाही, मग शेतातला रोज कोण ठरवणार, याचं उत्तर कायद्यात नाही. काम बंद ठेवायचं असेल तर त्या काळात किमान वेतन शेतात खरोखर मिळतंय का, हे बघायची जबाबदारीही कोणावर तरी पाहिजे.

गावाच्या हातातही काही गोष्टी आहेत. हंगामाआधी ग्रामसभेत शेतकरी आणि मजूर दोघांनी बसून रोज, वेळ आणि उक्त्याचा दर ठरवला, तर ऐन काढणीतली ओढाताण टळते. बाईच्या आणि गड्याच्या रोजात किती फरक का, हे तिथंच विचारता येतं. हमी योजनेचं काम पाहिजे असेल तर मागणी तोंडी न करता लेखी करायची आणि पावती घ्यायची. पावती असली तर काम मागितलं नव्हतं असं कोणाला म्हणता येत नाही. आणि हमीभावाच्या मोर्चात मजुरांनी, किमान वेतनाच्या मागणीत शेतकऱ्यांनी उभं राहायला हरकत काय आहे?

येत्या पंधरवड्यात ज्वारीची काढणी जोरात येईल. एका बाजूला दोन-तीन एकरवाला शेतकरी, दुसऱ्या बाजूला त्याचाच शेजारी. पन्नास रुपयांवरून दोघांची बोलाचाली होईल, कदाचित वर्षभर बोलणं बंद राहील. ते पन्नास रुपये दोघांपैकी कोणाचंच घर उभं करणार नाहीत. क्विंटलमागे गेलेले हजार रुपये मात्र दोघांचंही घर उभं करू शकले असते. त्यांचा हिशेब बाजार समितीत आणि मंत्रालयात मागायचा आहे, तोही दोघांनी मिळून.